कुमुद मयेकर आणि इटलीतले चढ-उतार

श्रीराम मयेकर बावीस वेळा इटलीला जाऊन आले होते आणि त्यांनी इटली पाहिलेली नव्हती. यात त्यांना वावगं काही वाटत नसे. ते मालवाहू जहाजांवर चीफ इंजिनिअर होते. जहाज धक्क्याला लागलं की डेकवरची माणसं दाढी करून गावात जायला निघत, आणि इंजिनिअरांना नेमकी तेव्हाच इंजिन उघडायची सवड मिळे. जेनोवा, लिव्होर्नो, चिवितावेक्किया, तारांतो ही नावं मयेकर अशी घेत, की ऐकणाऱ्याला वाटावं हा माणूस तिथला जावई आहे. पण कुणी विचारलं, "कसं आहे हो तिकडे?", तर ते खरं तेच सांगत.

"राखाडी भिंत आहे. क्रेन आहेत. पिण्याचं पाणी बरं मिळतं."

त्यांच्या पत्नी कुमुदताई हे उत्तर लग्न झाल्यापासून ऐकत आल्या होत्या. लग्नानंतर पहिली तेरा वर्षं त्या वेंगुर्ल्याला सासूसासऱ्यांजवळ होत्या. १९९८ साली मयेकरांच्या कंपनीचं ऑफिस सिंगापूरला आलं, म्हणून त्याही सहा वर्षांच्या इराला घेऊन आल्या आणि बुकित पंजांगला अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहू लागल्या. मयेकर त्यानंतरही अकरा वर्षं समुद्रावरच होते. तेवढ्या काळात कुमुदताईंनी घराचा नळ, इराची शाळा, सासऱ्यांचं आजारपण आणि सिंगापुरात राहायच्या पासचं नूतनीकरण असं सगळं एकटीने उरकलं, आणि जेवणाच्या टेबलावर शेजारच्या ब्लॉकमधल्या मुलांच्या गणिताच्या ट्यूशन घेतल्या. त्या शिस्तीच्या होत्या, पण आवाज चढवत नसत. मुलाचं गणित चुकलं की त्या नुसतं "परत" एवढंच म्हणत. मुलं या शब्दाला घाबरत.

२०१३ साली इरा कॉलेजच्या एक्स्चेंजवर सहा महिने इटलीत पेरुजाला राहून आली. आल्या आल्या तिने फोनवरचे फोटो दाखवायला सुरुवात केली. प्रत्येक फोटोत एक डोंगर होता आणि डोंगराच्या डोक्यावर, टोपी घालावी तसं, एक दगडी गाव होतं.

"पण यातल्या अर्ध्या ठिकाणी मी गेलेच नाही," इरा म्हणाली. "विदाउट कार कॅनॉट, आई. बस सकाळी एक, दुपारी एक. संडेला तर बसच नाही."

"मग गाडी भाड्याने घ्यायची," कुमुदताई म्हणाल्या.

"आणि चालवणार कोण? बाबा?"

दोघींनी मयेकरांकडे पाहिलं. मयेकर सुरमईचा काटा काढत होते. ते तोवर किनाऱ्यावर आले होते, म्हणजे त्याच कंपनीच्या ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या इंजिनांची काळजी करत होते.

"मला येत नाही," ते म्हणाले आणि काटा ताटाच्या कडेला ठेवला.

हे तोवर कुणाच्या फारसं लक्षात आलं नव्हतं. सिंगापुरात गाडीपेक्षा गाडी बाळगायचा परवाना महाग. त्यामुळे गाडी नसणं हे इथं दात पडण्यासारखं असतं, वय झालेल्या सगळ्यांनाच लागू. एमआरटीची मेट्रो आहे, बस आहे, बुकित पंजांगला तर घराच्या खिडकीला घासून जाणारी छोटी रेल्वे, एलआरटीही आहे. चार मजली घराएवढं इंजिन हाताळणाऱ्या माणसाला चारचाकी चालवता येत नाही, याची चौकशी करायचं कारणच कधी पडलं नव्हतं.

"बरं," कुमुदताई म्हणाल्या.

इराला वाटलं, विषय संपला. पुढच्या सोमवारी कुमुदताईंनी ट्रॅफिकच्या नियमांचं पुस्तक आणलं. तेव्हा त्या बावन्न वर्षांच्या होत्या.

लेखी परीक्षेत पन्नास प्रश्न असतात आणि पंचेचाळीस बरोबर यावे लागतात. कुमुदताईंचे पन्नास आले. त्यांना याचं नवल वाटलं नाही; पुस्तकात होतं तेच विचारलं होतं. पंचाईत पुढे झाली, कारण रस्ता पुस्तकात नव्हता.

त्यांचे शिक्षक होते मिस्टर कोह. साठीचा, किडकिडीत, सतत सुकी आलुबुखारं चघळणारा माणूस. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, "ऑण्टी, मॅन्युअल कशाला? आता सगळे ऑटो शिकतात. ईझी."

"इटलीत भाड्याने मॅन्युअल मिळते."

"इटली?" मिस्टर कोहने बी थुंकून कागदात गुंडाळलं. "सिंगापुरातपण रस्ते आहेत, व्हॉट."

कुमुदताई शिकत होत्या नेमाने, पण गाडी चालवत होत्या अशी, की जणू रस्त्यावर कुणाचं तान्हं मूल निजलं आहे. मिस्टर कोह ओरडत नसे. तो खिडकीबाहेर बघून म्हणे, "ऑण्टी, मागे सात गाड्या. सगळ्यांना घरी जायचंय, लाह."

चढावर तर त्यांची गाडी हटकून मागे घसरे. परीक्षेच्या मैदानात एक सिमेंटचा उंचवटा होता; त्यावर गाडी थांबवायची, आणि हँडब्रेक काढताना क्लच नेमका इतकाच सोडायचा की गाडी ना मागे जावी, ना बंद पडावी. एका शनिवारी मिस्टर कोहने त्यांना दोन तास फक्त तो एक उंचवटा चढायला लावला.

"परत," तो म्हणे.

कुमुदताईंना आपल्या ट्यूशनच्या मुलांविषयी थोडं वेगळं वाटू लागलं.

पहिल्या परीक्षेत त्यांचं मागचं चाक फुटपाथवर चढलं. दुसऱ्या वेळी पार्किंग करताना खांब पडला. तिसऱ्या वेळी काहीच चुकलं नाही, पण त्या इतक्या सावकाश गेल्या की परीक्षकाने रहदारीला अडथळा म्हणून नापास केलं. प्रत्येक वेळी घरी येऊन त्या निकालाचा कागद फ्रिजवर लावत. मयेकर तो चष्मा लावून वाचत आणि पाण्याची बाटली काढून घेत.

चौथ्या वेळी, मार्च २०१५ मध्ये, त्या पास झाल्या. मिस्टर कोहने त्यांच्याशी हस्तांदोलन केलं आणि म्हणाला, "ऑण्टी, कार घेऊ नका. फार महाग."

"नाही घेणार," कुमुदताई म्हणाल्या.

इटलीत गाडी मिळायला लायसन्स वर्षभर जुनं लागतं असं कळलं, म्हणून वर्षभर थांबायचं ठरलं. पण हात विसरू नये म्हणून महिन्यातून दोन रविवारी त्या काही तासांपुरती गाडी भाड्याने घेत आणि लिम चु कांगच्या रस्त्यावर जात. तिथं एका बाजूला भाजीचे मळे आणि दुसऱ्या बाजूला दफनभूमी. कुणाची तक्रार येत नसे. कधी इरा बरोबर असे, कधी खालच्या मजल्यावरची नीता. मयेकर कधीच आले नाहीत. त्यांना पेपर वाचायचा असे.

"बाबा घाबरतो," इरा एकदा म्हणाली.

"बाबा कशाला घाबरतील," कुमुदताई म्हणाल्या. त्यांना खरंच तसं वाटत होतं. त्यांनी मयेकरांना झुरळाला, बॉसला किंवा डॉक्टरला घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

मे २०१६ मध्ये दोघं निघाले. रोममध्ये गाडी चालवायची नाही असं इराने बजावलं होतं, म्हणून ते आगगाडीने ओर्व्हिएतोला गेले. गाव वर कड्यावर आणि स्टेशन खाली. गाडी देणारं ऑफिस स्टेशनच्या जवळच होतं आणि बंद होतं. दारावर लिहिलं होतं, साडेतीनला उघडेल. तेव्हा एक वाजला होता. मयेकर बॅगेवर बसले. एका देशाचं दुपारी अडीच तास बंद राहणं त्यांना आवडलं नाही, पण त्यांनी एवढंच म्हटलं, "बंदर असं चालत नाही."

गाडी पांढरी, लहानखुरी, पाच गिअरची होती. ऑफिसातल्या तरुणाने कुमुदताईंचा आंतरराष्ट्रीय परवाना पाहिला, मग मयेकरांकडे पाहिलं, मग पुन्हा परवाना पाहिला.

"सिन्योरा चालवणार?"

"हो."

"आणि सिन्योरे?"

"ते इंजिनिअर आहेत," कुमुदताई म्हणाल्या. तरुणाने मान हलवून चावी दिली.

मयेकरांनी आधी बॉनेट उघडून तेल पाहिलं, मग पाणी, मग चारी टायर. तेवढा वेळ कुमुदताई डावीकडच्या सीटवर बसून हे डावीकडे का आहे याची सवय करत होत्या. सिंगापुरात चालकाने उजवीकडे बसायचं आणि गाडी डावीकडून न्यायची. इथं सगळं उलटं होतं, आरशात पाहून भांग पाडायचा असावा तसं. पहिला तासभर गिअर बदलायची वेळ आली की त्यांचा डावा हात दाराच्या कडीवर जाई. वळायचा इशारा द्यायला गेल्या की काचेवरचे वायपर सुरू होत.

"पाऊस नाहीये," मयेकर म्हणाले.

पुढच्या वळणावर पुन्हा वायपर सुरू झाले. मयेकरांच्या उजव्या हाताने दाराची मूठ धरली होती आणि डाव्या हातात फोन होता, ज्यावर नकाशा होता. नकाशा सांगायचं काम त्यांच्याकडे होतं. ते त्यांना अजिबात जमत नव्हतं.

पहिला मोठा चौक आला, मधे गोल हिरवळ असलेला. कुमुदताई सिंगापूरच्या उलट्या अंगाने, म्हणजे इथल्या बरोबर अंगाने, त्यात शिरल्या. "कुठल्या रस्त्याला?" त्यांनी विचारलं.

मयेकरांनी फोन आडवा केला, उभा केला. "थांब, बघतो."

"थांबता येत नाही हो इथं."

चौथ्या फेरीला कुमुदताईंनी स्वतःच एक पाटी वाचून गाडी बाहेर काढली. मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला नाही. तो दोन फेऱ्या त्यांच्या मागोमाग फिरला होता आणि बहुधा त्याला उत्सुकता वाटू लागली होती.

"तीस वर्षं जहाजावर काढलीत," कुमुदताई म्हणाल्या.

"मी खाली असायचो. रस्ता डेकवाले बघायचे," मयेकर म्हणाले. "इंजिन रूमला खिडकी नसते."

त्यांनी हे कैफियत म्हणून सांगितलं नव्हतं, माहिती म्हणून सांगितलं होतं. कुमुदताईंनीही तसंच घेतलं. मयेकरांच्या कपाळावर घाम आहे हे त्यांनी पाहिलं, पण मे महिना होता आणि गाडीचा एसी यथातथाच होता.

दोन दिवस असे गेले. ऑलिव्हच्या शेतातल्या एका घरात त्यांनी खोली घेतली होती. रोज सकाळी निघायचं, एक-दोन गावं करायची आणि ऊन उतरायच्या आत परतायचं. गावं इराच्या फोटोंसारखीच होती. वेशीबाहेर गाडी लावायची, चढ चढून आत जायचं, चर्च बघायचं, कॉफी घ्यायची. कुमुदताई प्रत्येक गावाच्या तटावर जाऊन उभ्या राहत आणि आपण कुठून आलो तो रस्ता खाली शोधत. सापडला की त्यांना बरं वाटे. मयेकर गावात पोचले की खुलत. नळाच्या तोटीपासून घंटेच्या दोरापर्यंत सगळं निरखत. गाडीत बसायची वेळ आली की मात्र ते गप्प होत.

तिसऱ्या दिवशी ते ज्या गावात गेले त्याचं नाव कुमुदताईंना शेवटपर्यंत नीट उच्चारता आलं नाही. वेशीबाहेर थांबायचं हे ठाऊक होतं, पण वेस कुठली हेच कळलं नाही. नकाशा म्हणाला सरळ, मयेकर म्हणाले सरळ, आणि कुमुदताई सरळ गेल्या. रस्ता उताराचा झाला. दोन्ही बाजूंची घरं जवळ आली. मग आणखी जवळ आली. एका दारातल्या कुंडीची पानं खिडकीतून आत आली. कुमुदताईंनी आरसे मिटवून घेतले. वीसेक हात पुढे गेल्यावर भिंती इतक्या जवळ आल्या की त्यांनी ब्रेक दाबला. पुढे गल्ली आणखी अरुंद होत जाऊन पायऱ्यांना मिळत होती.

मयेकरांनी दार उघडून पाहिलं. ते चार बोटं उघडलं.

"मागे घ्यावी लागेल," कुमुदताई म्हणाल्या.

"चढ आहे."

"दिसतोय."

वरच्या मजल्यावरची एक खिडकी उघडली. त्यातून एका म्हातारीने मान काढली, गाडी पाहिली आणि आत कुणाला तरी हाक मारली. मग समोरची खिडकी उघडली. खाली पायऱ्यांवर एक माणूस पावाची पिशवी घेऊन येत होता, तो तिथंच बसला. कुणी हसलं नाही, कुणी रागावलं नाही. गावात दुपारी पाहण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

कुमुदताईंनी गिअरच्या दांड्याखालची कडी ओढून रिव्हर्स टाकला आणि क्लच सोडला. गाडी हात-दोन हात पुढे घसरली आणि बंद पडली. परत केलं. पुन्हा बंद पडली. तिसऱ्या वेळी जळकट वास आला. मागच्या काचेतून त्यांना फक्त आभाळाचा तुकडा दिसत होता.

तेवढ्यात शेजारच्या सीटवर हालचाल झाली. मयेकरांनी पट्टा सोडला, सीट मागे पाडली आणि एकोणसाठ वर्षांचा तो गृहस्थ, एक गुडघा हँडब्रेकवर न पडू देता, मागच्या सीटवर गेला. तिथून त्याहून मागे, सामानाच्या जागेत. मग त्यांनी आतून हात घालून मागचं दार उघडलं आणि ते बाहेर उतरले. उतरताना त्यांची चप्पल आत राहिली. ती त्यांनी परत वाकून घेतली.

आता उघड्या दारातून कुमुदताईंना आरशात ते दिसू लागले, चढावर, गाडीच्या मागे चार पावलांवर.

"अहो, बाजूला व्हा! गाडी मागे घ्यायचीये."

"बाजू नाहीये," मयेकर म्हणाले. "ऐक. तू पायाकडे बघू नकोस. हँडब्रेक ओढलेला ठेव. थोडी रेस दे. अजून. आता क्लच सोड, अगदी केसभर. आवाज खाली येईल, मी सांगतो."

ते मान कलती करून ऐकत उभे होते. कुमुदताईंनी क्लच केसभर सोडला.

"नाही. अजून. अजून थोडा... थांब! इथं. इथंच धर. आता हँडब्रेक."

त्यांनी हँडब्रेक सोडला. गाडी थरथरली आणि जागेवर राहिली, मग मागे सरकली. एक हात. दोन हात. मयेकर तेवढेच मागे गेले, गाडीकडे तोंड करून, उलट पावली, चढावर.

"प्यानो, प्यानो," वरून म्हातारी म्हणाली.

"काय म्हणतेय?"

"हळू म्हणतेय. क्रेनवाले म्हणायचे," मयेकर म्हणाले. "डावीकडे किंचित. बस. आवाज पडला, रेस दे."

साठ-सत्तर हात अंतर कापायला त्यांना बावीस मिनिटं लागली. मधे एकदा डाव्या अंगाने भिंतीचा खरखर आवाज आला तेव्हा कुमुदताई थांबल्या. मयेकरांनी वाकून पाहिलं, "रंग आहे. चल," म्हणाले, आणि त्या निघाल्या. वर चौकात गाडी सपाटीला आली तेव्हा पायऱ्यांवरचा माणूस उठला, पिशवी उचलली आणि आपल्या वाटेने गेला. म्हातारीने खिडकी लावून घेतली.

चौकात एक दगडी बाक होता. दोघं त्यावर बसले. मयेकरांच्या कपाळावर पुन्हा घाम होता. कुमुदताईंनी तो पाहिला, आणि या वेळी उन्हावर ढकलला नाही.

"बरं वाटत नाहीये का?"

मयेकर चौकाच्या मधल्या कारंज्याकडे बघत बोलले. "चौऱ्याण्णव साली अटलांटिकमध्ये इंजिन बंद पडलं होतं आमचं. तुफान होतं. एकोणीस तास लागले चालू करायला."

"तुम्ही लिहिलं होतं मला. 'हवा खराब होती, बाकी ठीक.'"

"ठीकच होतं. खाली काही वाटत नव्हतं. वर-खाली होत होतं, सामान पडत होतं, पण काम होतं हाताला. इंजिन सुरू झालं, सगळे वर गेले चहाला. मीपण गेलो. दार उघडून बाहेर बघितलं. लाट होती. पुढे. आपल्या अकराव्या मजल्याच्या वर. ती आमच्यावर येत होती आणि मला दिसत होती. मी तिथंच बसलो खाली. दोघांनी उचलून आत नेलं मला."

कुमुदताई ऐकत होत्या. चौऱ्याण्णव साली इरा दोन वर्षांची होती. ते पत्र वेंगुर्ल्याला आलं त्या दिवशी त्यांनी ते सासऱ्यांना वाचून दाखवलं होतं, आणि सासरे म्हणाले होते, चांगलं आहे, हवा काय, बदलेल.

"दिसलं नाही की मला काही होत नाही," मयेकर म्हणाले. "समोरून अंगावर येताना दिसलं की होतं. गाडीत पुढे बसलं की सगळं येतच असतं अंगावर. ट्रक, झाडं, वळणं. त्या वर्षी सुट्टीत ड्रायव्हिंग शिकायला गेलो होतो, तुला बोललो नाही. दोन दिवस गेलो."

"बावीस वर्षं सांगितलं नाहीत."

"विषय निघाला नाही."

कुमुदताईंना राग आला होता, आणि तो कशाचा हे ठरत नव्हतं. लाटेचा, पत्रातल्या त्या एका ओळीचा, की लिम चु कांगला जायच्या रविवारी पेपर घेऊन बसणाऱ्या नवऱ्याला आपण आळशी समजत होतो याचा. त्यांनी पर्समधून पाण्याची बाटली काढून त्यांच्या हातात दिली. ते प्यायले.

"आत्ता तर समोर उभे होतात की. गाडी येत होती अंगावर."

"तेव्हा मी ऐकत होतो," मयेकर म्हणाले.

कुमुदताईंनी बाटलीचं झाकण लावलं. "मग गाडीतपण तेच करा. डोळे मिटून बसा. रस्ता माझा मी बघते, फोनचा आवाज लावा, तो बोलू दे. तुम्ही इंजिनाचं सांगा."

आणि उरलेले सहा दिवस तसंच झालं. उम्ब्रियाच्या आणि तोस्कानाच्या घाटांतून एक पांढरी गाडी जात होती, तिच्यात बुकित पंजांगची एक बाई ताठ बसून चालवत होती आणि शेजारी एक गृहस्थ डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून, "तिसरा घाल... अजून नको... आता सोड" असं म्हणत होता. एका पेट्रोल पंपावर नोकराने कुमुदताईंना हलक्या आवाजात विचारलं, सिन्योरे आजारी आहेत का? त्या म्हणाल्या, नाही, कामात आहेत.

गाडीचं कूस बदलणं मयेकरांना आवाजावरून कळे. चढ संपून सपाटी आली की ते सांगत, खालचा रस्ता मातीचा झाला की सांगत. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "तू क्लचवर पाय टेकून चालवतेस. उचल." कुमुदताईंनी उचलला, आणि गाडी खरोखर हलकी झाली. मिस्टर कोहलाही हे सापडलं नव्हतं. वेशीपाशी गाडी थांबली की त्या म्हणत, "आलं," आणि मयेकर डोळे उघडून बाहेर बघत. त्यामुळे त्यांना प्रत्येक गाव एकदम, आख्खंच्या आख्खं दिसे. कुमुदताईंना ते दोन मैलांवरून थोडं थोडं मोठं होत दिसलेलं असे. यावर त्यांचा एकदा वादही झाला, कुणाला जास्त चांगलं दिसलं यावर. तो जेवण येईपर्यंत चालला.

पाचव्या दिवशी एका फाट्यावर चिवितावेक्कियाची पाटी दिसली. कुमुदताईंनी गाडी कडेला घेतली. "तुमचं बंदर. तासाभराचा रस्ता आहे. बघायचंय?"

मयेकरांनी डोळे उघडून पाटी वाचली. थोडा विचार केला.

"नको," ते म्हणाले. "भिंत आहे ती. ते वरचं गाव कुठलं?"

गाडी परत करताना ऑफिसातल्या तरुणाने डाव्या अंगाचा हातभर लांब ओरखडा पाहिला. कुमुदताईंनी झालं ते सगळं सांगायला सुरुवात केली. त्यांनी रात्री वाक्यं जुळवून ठेवली होती. तरुणाने दुसऱ्या वाक्याला हात वर केला. "नोर्माले," तो म्हणाला, आणि विम्याच्या कागदावर सही घेतली. कुमुदताईंना हे जरा लागलं. आयुष्यातला पहिला ओरखडा होता, थोडी तरी दखल घ्यायला हवी होती.

सिंगापूरला परतल्यावर इरा चांगी विमानतळावर न्यायला आली होती. तिने विचारलं, "सो? बाबा, हाऊ वॉज इट? आईचं ड्रायव्हिंग?"

"क्लच बरा झालाय," मयेकर म्हणाले.

अटलांटिकची हकीकत कुमुदताईंनी इराला सांगितली नाही. ती ज्याची त्याने सांगावी असं त्यांना वाटलं. मयेकरांनी ती सांगितली, वर्षाभराने, एलआरटीत उभ्याने जाताना, दोन स्टेशनांच्या मधल्या वेळात. इराने बाबाचा हात धरला आणि पुढच्या स्टेशनला उतरायचं होतं तिथं दोघं उतरले नाहीत. ती गाडी गोल फिरून परत तिथंच येते, त्यामुळे फार बिघडलं नाही.

कुमुदताईंचा मात्र ब्लॉकमध्ये बोलबाला झाला. नीताने ते सगळ्यांना सांगितलं, आणि सांगताना गल्ली दर वेळी थोडी अरुंद होत गेली. २०१७ च्या नोव्हेंबरात नीता आणि ब्लॉकमधल्याच सुलेखा व शुभदा अशा तिघी कुमुदताईंकडे आल्या. मलेशियात कॅमरन हायलंडला चहाचे मळे आहेत, गाडीने जाता येतं, नवऱ्यांना वेळ नाही.

"किती दिवस?" कुमुदताईंनी विचारलं.

"चार."

"चौथीच्या मुलांची परीक्षा संपू दे, मग जाऊ."

मयेकरांनी जायच्या आदल्या दिवशी खाली पार्किंगमध्ये जाऊन भाड्याने आणलेल्या गाडीचं बॉनेट उघडलं, पाच मिनिटं इंजिन चालू ठेवून ऐकलं आणि "ठीक आहे" म्हणून वर निघून गेले. सिंगापूरची सीमा ओलांडताना पेट्रोलची टाकी पाऊण भरलेली लागते. नसेल तर परत पाठवतात. कुमुदताईंनी ती पूर्ण भरली होती. तपासणीच्या रांगेत त्यांची गाडी दीड तास उभी होती. पुढे गाड्या, मागे गाड्या, बाजूने मोटरसायकलींचा लोंढा. सुलेखाने चकल्यांचा डबा उघडला. शुभदा मागून म्हणाली, "कुमुदताई, खरं सांगा, भीती नाही वाटत तुम्हाला?"

"वाटते की," कुमुदताई म्हणाल्या. रांग हलली होती. त्यांनी हँडब्रेक सोडला. "पण मागच्यांना जायचं असतं."